उन्हातली सायकल : पोटात काय, खिशातून किती

एप्रिल-मेच्या उन्हात शिरूर-दौंड भागातून दिवसभर सायकल चालवायची, तर खाण्यापिण्याला किती पैसे लागतात? पुण्याच्या दुकानातून जेल आणि गोळ्या घेऊन निघालात तर एका दिवसाचे दीड ते दोन हजार रुपये. तीच साखर, तेच मीठ आणि तेवढंच पाणी स्वयंपाकघरातून, औषधाच्या दुकानातून आणि रस्त्यावरून घेतलंत तर अडीचशेच्या आत. या भागात हे जमतं, कारण साखर इथे रस्त्याच्या कडेलाच उभी आहे. मात्र काही ठिकाणी पैसे वाचवायला जाऊ नये, आणि नेमक्या तिथेच बरेच जण वाचवतात.

आधी रस्ता बघू. पुण्याहून वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर साधारण सत्तर किलोमीटर. शिरूरहून दक्षिणेला न्हावरे, पुढे पारगावला भीमा ओलांडून सोलापूर रस्त्यावर केडगाव-चौफुला, हे आणखी पन्नासेक. चौफुल्यावर डावीकडे वळलात तर वरवंड, पाटस, कुरकुंभवरून दौंड. उजवीकडे वळलात तर यवत, उरुळी कांचन करत पुन्हा पुणे. पुणे-शिरूर-चौफुला-पुणे हा फेरा पावणेदोनशेच्या आसपास जातो. नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता या दोन्हींवर दर थोड्या अंतराने काही ना काही मिळतं. न्हावऱ्यापासून पारगावपर्यंतच्या पट्ट्यात मात्र दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे विरळ वस्ती. पाणी, मीठ, खाणं यांचा हिशोब शिरूरला पक्का करूनच पुढे निघावं.

हा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख आहे. कोकणात घाम अंगावरून ओघळतो म्हणून कळतो. इथे सायकलच्या वाऱ्याने तो जागच्या जागी वाळतो आणि आपल्याला फारसा घाम येत नाही असं वाटत राहतं. खरा हिशोब काळ्या जर्सीवर दिसतो. पाठीवर, छातीच्या पट्ट्याखाली मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम होते, अंगाला वाऱ्याचा गारवा मिळेनासा होतो आणि शरीर थंड ठेवायला घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. म्हणून घामाला पाणी पुरवणं हे त्या दिवशीचं पहिलं काम.

किती पुरवायचं? उन्हात बहुतेकांचा घाम तासाला पाऊण ते दीड लिटर जातो. माणसामाणसांत फरक मोठा, म्हणून आपला आकडा आपणच काढावा. एखाद्या दिवशी तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जितकं वजन घटलं त्यात प्यालेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे एक लिटर. या चाचणीला पैसा लागत नाही आणि पुढचा सगळा खर्च तिच्यावर ठरतो. एका लिटर घामाबरोबर साधारण ४०० मिलिग्रॅमपासून हजारापर्यंत, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त, सोडिअम जातं. ज्यांच्या जर्सीवर नकाशे ठळक, त्यांनी वरचा आकडा धरावा.

साखरेचं गणित वेगळं. स्नायू आणि यकृत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकं साठवतात. जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत साठा तळाला जातो आणि मग हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, चढ नसलेला रस्ताही चढ वाटतो. हे टाळायला पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासूनच खायला लागायचं आणि ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघायचं. सरावाचं पोट असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंतही झेपतं, कारण आतड्यात या दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकट्या ग्लुकोजची वाट ताशी ६० ग्रॅमच्या आसपास भरून जाते. महागड्या जेलच्या पाकिटावर ‘ग्लुकोज-फ्रुक्टोज मिश्रण’ असं ठळक छापलेलं असतं ते यासाठीच. आपली रोजची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. गुळातही हेच दोन.

या तालुक्यांत सायकलवाल्याच्या सगळ्यात कामाची वस्तू गुऱ्हाळावर मिळते: काकवी. दौंड तालुक्यात केडगाव-पारगावच्या भागात गुऱ्हाळं पुष्कळ. रस्त्यावरून जाताना चिपाडांचे ढीग दिसतात, धुराडं दिसतं आणि त्याआधी उकळत्या रसाचा वास येतो. काहिलीत रस तापायला लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढतात आणि झाऱ्याने ती उपसत राहतात. रस आटून तांबूस, तारेला येण्याआधीच्या टप्प्याला पोचला की गुळव्या जी पातळ धार काढून घेतो ती काकवी. चुलवणावर आणखी ठेवली की तिचाच गूळ होतो. काकवीत शंभर ग्रॅममागे साधारण ६५ ते ७० ग्रॅम साखर असते, म्हणजे ३५ ग्रॅम काकवी आणि बाजारातलं एक जेल यांत जवळपास सारखीच साखर. काकवी किलोला शंभर ते दीडशे रुपयांना मिळते, म्हणजे एका जेलच्या जागी खर्च चार-पाच रुपये. देशी बनावटीच्या जेलचं एक पाकीट ९० ते १५० रुपयांना, परदेशी घेतलं तर त्याच्याही वर.

ती न्यायची कशी हे महत्त्वाचं. मऊ रबरी पिशवीसारखी जेलची बाटली सायकलच्या दुकानात तीनशे ते सहाशे रुपयांना मिळते. मधाची दाबायची रिकामी बाटली धुऊन घेतली तरी चालते. दीडशे मिलिलिटरच्या बाटलीत दोनशे ग्रॅम काकवी मावते. तीत अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून हलवा. गोडाचा उबग येत नाही आणि दाट धार थोडी सैल होते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक मोठा घोट, आणि लगेच वर साधं पाणी. पाण्याशिवाय घेतलेली दाट साखर आतड्यात पाणी ओढते आणि पोटात कळ येते. लिंबू घातलेली काकवी त्याच दिवशी संपवा, उन्हात ती आंबते. गुऱ्हाळावरून घेताना स्वतःची स्वच्छ, कोरडी बाटली न्या आणि धूळ बसलेल्या उघड्या डब्यातली काकवी घेऊ नका. गूळ घ्यायचा तर पिवळाधमक टाळून गडद रंगाचा घ्या. तो चकचकीत पिवळेपणा बहुतेक वेळा रसायनाचा असतो. आणि काकवीची पहिली परीक्षा लांबच्या दिवशी नको. रविवारी दोन-तीन तासांच्या फेरीत ताशी ३० ग्रॅम साखरेपासून सुरुवात करा आणि पोट मानेल तसं वाढवा.

आता मीठ, आणि इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. सायट्रेट धरून सोडिअम सुमारे १,७०० मिलिग्रॅम. मीठ भरपूर, साखर नावाला. म्हणजे ओआरएस हा घामाचा भरणा आहे, इंधन नाही. दोन बाटल्या ओआरएस पिऊनही पाय चालत नाहीत अशी तक्रार करणारे भेटतात. त्यांच्या पोटात जेमतेम दीड केळ्याइतकी साखर गेलेली असते. उलट टोक म्हणजे ‘एनर्जी’ लिहिलेली गोड पेयं. त्यांत साखर भरपूर, मीठ कमी.

औषधाच्या दुकानात एक लिटरची पुडी वीस ते पंचवीस रुपयांना मिळते. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. गोड, फळांच्या चवीची पेयं ओआरएसच्या नावाने विकली जायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं झुंज दिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला बंदी केली. तरी दुकानदाराने खोकं पुढे केलं की उलटून वाचायची सवय ठेवा. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच विरघळवायची. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतली की पाणी जास्त खारट होतं, मळमळतं आणि तहान भागत नाही. बाटली लहान असेल तर २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्या घ्या, माप जुळवणं सोपं जातं.

दिवसभर नुसतं ओआरएस प्यायची गरज नाही. घरचं लिंबू-मीठ पाणी निम्म्या वेळेला पुरतं: एक लिटरला सपाट पाव चमचा मीठ, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम मीठ आणि ६०० मिलिग्रॅम सोडिअम, आणि दोन लिंबं. काकवी जवळ नसेल तर यातच चार मोठे चमचे, साधारण ६० ग्रॅम, साखर घाला. पेय आणि इंधन एकाच बाटलीत. उन्हाळ्यात लिंबू पाच ते दहा रुपयांना एक झालं तरी लिटरला खर्च वीस-पंचवीसच्या वर जात नाही. मी शिफारस करेन ती पद्धत अशी : सायकलला दोन बाटल्या, एकीत खारं आणि दुसरीत साधं. साधं पाणी काकवीवर प्यायला, आणि तेच डोक्यावर, मानेवर ओतायला. गोड-खारं पाणी अंगावर ओतलं की दिवसभर चिकचिक.

नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही घातक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडिअम कमी भरलं होतं, आणि शर्यतीअखेर ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना हा धोका जास्त होता. डोकं दुखतंय, मळमळतंय, बोटं सुजून अंगठी घट्ट झाली आहे आणि पोटात पाणी डचमळतंय, अशा वेळी आणखी पाणी पिऊ नका. सायकल थांबवा आणि काहीतरी खारट खा.

पाण्यावरच्या खर्चाबद्दल दोन गोष्टी. आठ तासांत सहा-सात लिटर लागतं. सगळं बाटलीबंद घेतलं तर लिटरला १८-२० रुपये दराने एकशेदहा ते एकशेचाळीस झाले. बऱ्याच गावांत आता ग्रामपंचायतीचं शुद्ध पाण्याचं यंत्र असतं. पाच रुपयांत जारभर पाणी मिळतं. कार्ड लागत असेल तर रांगेतल्या कुणाला विचारा, बाटली भरून मिळते. दुसरी गोष्ट : टपरीवर किंवा दुकानात ‘थंड करायचे दोन रुपये जास्त’ हे बेकायदा आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वैधमापन नियमांत बसत नाही आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला मात्र हे लागू नाही; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे.

रसवंतीशिवाय हा रस्ता पुरा होत नाही. पाव लिटरच्या ग्लासात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर, दर पंधरा-वीस रुपये. लिंबू पिळून, मीठ टाकून घेतलात तर उत्तम थांबा झाला. एकच ग्लास घ्या आणि तो सावकाश प्या. रस साखर घातलेल्या लिंबू-मीठ पाण्यापेक्षा दुपटीहून गोड असतो आणि दोन ग्लास सलग रिचवले की पोट जड होतं. बिनबर्फाचा मागा. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे, पण ग्लासात फोडून टाकलेल्या तुकड्यावरून तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते ओळखता येत नाही. पोट बिघडलं की उन्हात पाणी टिकवणंच अशक्य होतं. बर्फ हवा असेल तर रुमालात बांधून मानेवर ठेवा, तिथे तो कुठलाही चालतो.

बाकीचं खाणं सोपं आहे. केळं पाच-सहा रुपयांना, २२ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. राजगिऱ्याचा लाडू दहा रुपयांना, उन्हात वितळत नाही, खिशात चुरा झाला तरी खाता येतो. शेंगदाण्याची चिक्की चांगली, पण तिच्यात तेल बरंच असल्यामुळे ती सकाळच्या गारव्यात संपवावी. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मीठ-जिरं लावून डब्यात नेल्या तर गोडाला उतारा मिळतो. चॉकलेट घरीच ठेवा. शहाळं चाळीस ते साठ रुपयांना मिळतं आणि मन सुखावतं, पण त्यात पोटॅशिअम जास्त आणि सोडिअम कमी, तेव्हा ओआरएसच्या ऐवजी त्यावर विसंबू नये. वडापाव, मिसळ, साबुदाण्याची खिचडी चालवण्याच्या मधल्या वेळात नको. तेल पचायला रक्त पोटाकडे जातं आणि उन्हात ते त्वचेकडे हवं असतं.

पिठलं-भाकरीचं काय? यवतला तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामी वारकऱ्यांसाठी गावकरी पिठलं-भाकरीचा मोठा रांधा करतात, आणि दिवसभर चालून आलेल्या माणसाला त्यासारखं अन्न नाही. पण वारकऱ्यांचा तिथे मुक्काम असतो हे लक्षात घ्या. पुढे चालवायचं असेल तर ती थाळी दुपारच्या लांब विसाव्यात घ्या, शंभर-दीडशे रुपयांत होते. पहाटे साडेचार-पाचला निघून अकराच्या आत सावली गाठायची आणि चारपर्यंत हलायचं नाही, असा बेत केला तर भाकरी, थोडं पिठलं, खारं ताक आणि तासभर आडवं होणं हे सगळं बसतं. उन्हाळ्यात या भागात अकरा ते चार चालवण्याला कुठलाही खुराक उत्तर नाही.

आता आठ तासांच्या दिवसाची बेरीज. घरगुती पद्धत : काकवी २०० ग्रॅम २५-३० रुपये, चार केळी २४, तीन राजगिरा लाडू ३०, एक ग्लास उसाचा रस २०, ओआरएसच्या दोन पुड्या ४५, दोन लिटर लिंबू-मीठ पाण्याची चार लिंबं २०-४०, तीन बाटल्या पाणी ६० आणि बाकी पाणी यंत्रावरून किंवा घरून. एकूण सव्वादोनशे ते अडीचशे रुपये. कर्बोदकं साधारण ३४०-३५० ग्रॅम, म्हणजे चालवण्याच्या सात तासांना ताशी ५०. तेच जेलवर : चौदा पाकिटं, ११० दराने १,५४०, शिवाय क्षारांच्या विरघळणाऱ्या गोळ्यांचे शंभर-सव्वाशे आणि पाणी. सतराशे-अठराशे. न्याहारीचे पोहे आणि जेवण यांचा खर्च दोन्हींत वेगळा. दर गावोगाव आणि हंगामाप्रमाणे पुढे-मागे होतील, पण सहा-सातपट अंतर राहतंच.

जेल कधीच घेऊ नये असं नाही. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांत संपवायची असते; त्यात रात्री-पहाटे दुकानं बंद असताना दोन पाकिटं खिशात असली तर धीर येतो. पुणे-गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’सारख्या साडेसहाशे किलोमीटरच्या शर्यतीत, चावायचीही इच्छा उरत नाही तेव्हा, मोजून बांधलेला घास उपयोगी पडतो. नेहमीच्या रविवारसाठी तो खर्च नको.

वाचलेले पैसे बाटल्यांवर घाला. पाऊण लिटरच्या दोन चांगल्या बाटल्या आणि त्यांचे पिंजरे मिळून हजाराच्या आत येतात. शिरूर-चौफुला पट्ट्यासाठी तिसरी बाटली जर्सीच्या खिशात हवीच. दुहेरी भिंतीची बाटली हजाराच्या पुढे जाते. ती नसेल तर जुना सुती मोजा ओला करून साध्या बाटलीवर चढवा. या कोरड्या हवेत तो भराभर वाळतो आणि पाणी पिण्याजोगं गार ठेवतो. गरम झालेलं पाणी माणूस कमी पितो, म्हणून ही युक्ती लहान समजू नये. उन्हाची सवय अंगाला लागायला सात ते चौदा दिवस लागतात; तोवर अंतर कमी ठेवा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी वरचं साखर-मिठाचं माप आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच पाळावं.

घरी पोचल्यावर पुन्हा वजन करा. जितके किलो कमी भरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी, ताक, दूध पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्या, आणि जेवणात नेहमीचं मीठ असू द्या.

सोबतचा सायकलस्वार असंबद्ध बोलायला लागला, नीट तोल सावरेना, अंग भट्टीसारखं तापलं, तर हा उष्माघात आहे, खाण्यापिण्याने तो उतरत नाही. त्याला सावलीत आडवं करा, १०८ वर फोन लावा, रुग्णवाहिका मोफत येते. ती येईपर्यंत हाताशी असलेलं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओता आणि वारा घाला. उसाच्या फडात पाणी सुटलेलं असेल तर पाट जवळ आहे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.